ऑइलचं झाकण नीट बसलंय का? गाडीवाल्यांसाठी आणि गॅरेजवाल्यांसाठी



आपल्या चॅनेलवर हिशोब, ग्राहक, भाव ठरवणं, उधारी वसूल करणं असे विषय असतात. या वेळी व्हिडिओत मी बोनेट उघडून उभा दिसलो म्हणून काही जणांना नवल वाटलं असेल. पण आपल्यातल्या कितीतरी जणांचा धंदा चार चाकांवर चालतो. कोणाची टॅक्सी आहे, कोणी छोट्या टेम्पोतून माल पोचवतं, कोणी अमरावतीहून अकोल्याला रोज कपड्याचे गठ्ठे नेतं, तर कोणाचं स्वतःचं गॅरेज आहे. तुमची गाडी चार दिवस उभी राहिली तर काय होतं ते मी सांगायला नको. हप्ता तर थांबत नाही.

व्हिडिओत जे दाखवलं ते इथे सविस्तर लिहून देतोय. हात ऑइलने भरलेले असताना मोबाईल मागे-पुढे करता येत नाही, म्हणून हे वाचून घ्या आणि मग गाडीजवळ जा.

माझ्यासोबत काय झालं

गाडीची सर्व्हिसिंग आदल्या संध्याकाळी झाली होती. दुसऱ्या दिवशी अकोल्यात वर्ग होता. सकाळी साडेआठला अमरावतीहून निघालो. गाडीत आमचा कॅमेरावाला आणि वर्गाला निघालेल्या बचत गटाच्या दोन ताई होत्या. बडनेरा मागे पडलं आणि जळल्यासारखा वास यायला लागला. मी म्हटलं, पुढे ट्रक आहे, त्याचा असेल. ट्रक गेला, वास काही गेला नाही.

हा रस्ता आता कसा आहे ते तुम्हाला माहीत आहे. जून २०२२ मध्ये याच अमरावती-अकोला मार्गावर ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकला गेला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. रस्ता चांगला झाला, पण एक गोष्ट बदलली. पूर्वी खड्ड्यांमुळे आपण थांबत थांबत जायचो, चहा घ्यायचो, गाडीकडे एक नजर टाकायचो. आता पाय एकदा ठेवला की गाडी एका दमात पळते. इंजिन तासभर सलग गरम राहतं, आणि आत काही बिघडलं असेल तर ते कळेपर्यंत आपण पुष्कळ पुढे आलेलो असतो.

मूर्तिजापूरच्या अलीकडे बोनेटच्या फटीतून धूर दिसला. बाजूला घेतली, बंद केली, दहा मिनिटं थांबून बोनेट उघडलं. सगळं इंजिन ऑइलने न्हालेलं. जिथून ऑइल टाकतात ते तोंड उघडं आणि झाकण बॅटरीच्या बाजूला अडकून पडलेलं. कांडी काढून पाहिली तर टोकालासुद्धा ऑइल लागलं नाही.

नशीब असं की ऑइलचा लाल दिवा अजून लागला नव्हता. मूर्तिजापूरहून एक मेस्त्री दुचाकीवर ऑइलचा डबा घेऊन आले. त्यांनी सगळं पुसलं, ऑइल भरलं, झाकण लावलं, इंजिन सुरू करून बराच वेळ कान देऊन ऐकलं आणि म्हणाले, "वाचलं सर. अजून दहा-वीस किलोमीटर गेले असते तर हेच इंजिन खोलून ठेवा लागलं असतं." वर्ग दोन तास उशिरा सुरू झाला. ताई बिचाऱ्या काही बोलल्या नाहीत, पण मी कुठल्या तोंडाने वेळेच्या नियोजनावर बोलणार होतो?

संध्याकाळी गॅरेजला गेलो. नाव सांगणार नाही, कारण माणूस चांगला आहे आणि ही चूक कोणाच्याही गॅरेजात होऊ शकते. मालकाने ऐकलं आणि त्याचा चेहराच उतरला. म्हणाला, "सर, पोरगं नवीन हाये. ऑइल टाकता टाकता दुसऱ्या गिऱ्हाईकानं आवाज देला, तो तिकडं गेला. उद्यापासून येऊ नको म्हणतो त्याले."

पोरगा कोपऱ्यात उभा होता. अठरा-एकोणीस वर्षांचा असेल. मी विचारलं, "भाऊ, ऑइल टाकताना झाकण कुठं ठेवायचं, हे ठरलेलं आहे का?"

"ठरलेलं काय राहते सर? जिथं जागा भेटली तिथं ठेवतो."

तिथेच मला आजचा विषय मिळाला. त्यावर शेवटी येतो. आधी झाकण समजून घेऊ.

हे झाकण करतं काय?

ऑइल बाहेर सांडू नये म्हणून झाकण, एवढंच बहुतेकांना माहीत असतं. ते खरं आहे, पण अर्धंच.

इंजिन चालू असताना वरच्या भागात ऑइल सतत उडत असतं. झाकण नसेल तर तेच ऑइल तोंडातून बाहेर फेकलं जातं. सायलेन्सरकडे जाणारा गरम पाइप जवळच असतो. त्यावर ऑइल पडलं की वास आणि धूर येतो, आणि वेळ वाईट असेल तर आगही लागते.

दुसरं काम दाब सांभाळण्याचं. सिलिंडरमध्ये जळणारा थोडा गॅस पिस्टनच्या रिंगांच्या बाजूने खाली उतरतोच, नव्या गाडीतही उतरतो. आपले मेस्त्री त्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. हा गॅस एका नळीतून आणि व्हॉल्व्हमधून परत इंजिनच्या हवेच्या वाटेला जातो आणि जळून जातो. ही व्यवस्था नीट चालायची असेल तर बाकी सगळीकडून इंजिन बंद हवं. झाकणाचं रबर फाटलं की बऱ्याच पेट्रोल गाड्यांत तिथून न मोजलेली हवा आत ओढली जाते. मग गाडी उभ्याउभ्या थरथरते, रेस वर-खाली होते, कधी चेक इंजिनचा दिवा लागतो. माणूस प्लग बदलतो, सेन्सर बदलतो, आणि दोष असतो झाकणाच्या रबरात.

तिसरं काम धूळ अडवण्याचं. सोयाबीनच्या हंगामात शेतरस्त्याने गाडी घालून बघा, बोनेटखाली बोटभर माती जमते. ही माती ऑइलमध्ये गेली की बेअरिंगवर आणि सिलिंडरवर पॉलिश पेपरसारखं काम करते.

आणि आपलं ऊन विसरू नका. मे २०२४ मध्ये अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर गेला आणि प्रशासनाला उन्हामुळे कलम १४४ लावावं लागलं. झाकणाच्या रबराला भाजते ती मुख्यतः इंजिनची उष्णता, हे खरं. पण आपल्याकडे गाडी उभी असली तरी बोनेटखाली गारवा नसतोच. वर्षानुवर्षं भाजून रबर कडक होतं, चपटं होतं आणि मग दाब धरत नाही.

तपासायचं कसं? सहा पायऱ्या

वेळ दोन मिनिटं, हत्यार काही नाही, फक्त एक स्वच्छ कापड.

१. गाडी सपाट जागेवर उभी करा, इंजिन बंद करा, हँडब्रेक ओढा. नुकतीच चालवून आणली असेल तर पंधरा-वीस मिनिटं थांबा. गरम ऑइलचा चटका वाईट असतो. सगळ्यात चांगली वेळ म्हणजे सकाळी, गाडी सुरू करायच्या आधी.

२. झाकण ओळखा. ते इंजिनच्या वरच्या कव्हरवर असतं. त्यावर ऑइलच्या किटलीचं चित्र असतं, काही गाड्यांत ऑइलचा ग्रेडही छापलेला असतो, जसा ५डब्ल्यू-३०. कूलंटचं किंवा रेडिएटरचं झाकण वेगळं. ते गरम असताना कधीही उघडायचं नाही, तोंडावर उकळतं पाणी उडतं.

३. उघडायच्या आधी आजूबाजूची माती पुसा. आपण गाडगेबाबांच्या मुलखातली माणसं, आधी झाडू मग बाकी काम. ही पायरी गाळली तर तपासण्याच्या नावाखाली तुम्हीच माती आत लोटाल.

४. झाकण घड्याळाच्या उलट दिशेने फिरवून काढा. काही झाकणं पाव फेऱ्यात सुटतात, काहींना दोन-तीन फेरे लागतात. फार घट्ट असेल तर कापड धरून फिरवा. पक्कड लावू नका, प्लास्टिकचे कान तुटतात.

५. रबर पाहा. नखाने हलकं दाबा. दबून परत वर आलं तर जीव आहे. लाकडासारखं कडक असेल, चिरा असतील, एका बाजूने चपटं झालं असेल किंवा तुकडा नसेल तर बदला. तुकडा नसेल तर तो गेला कुठे तेही शोधा. आत पडल्याची शंका असेल तर इंजिन सुरू न करता मेस्त्रीला दाखवा. सोबत झाकणाचे कान, आटे आणि इंजिनच्या तोंडाची कडाही बोट फिरवून पाहा.

६. झाकण परत लावा. हाताने फिरवा. कट् आवाज येईपर्यंत किंवा ते अडेपर्यंत, पुढे जोर नको. मग धरून हलवून पाहा. बसल्यावर हलता कामा नये.

झाकणाच्या आतली बाजू काय सांगते?

झाकण उलटं करा. इंजिनच्या तब्येतीचा छोटासा रिपोर्ट तिथे असतो. फक्त तो वाचताना घाई करू नका.

तपकिरी, पातळ थर असेल तर सगळं ठीक. डिझेल गाडीत ऑइल लवकर काळं होतं, त्यामुळे नुसत्या काळ्या रंगाला घाबरू नका.

काळा, जाड, डांबरासारखा चिकट थर असेल तर ऑइल बदलायला उशीर झालाय किंवा पूर्वीच्या मालकाने वर्षानुवर्षं उशीर केलाय. जुनी गाडी घेताना हे नक्की पाहा. मालक किलोमीटरचा आकडा काही सांगो, झाकण आपलं सांगतं.

पांढरट, मलईसारखा थर दिसला की माणूस घाबरतो, आणि व्हॉट्सॲपवर कोणीतरी लगेच सांगतं, हेड गॅस्केट गेलं. थांबा. पावसाळ्यात किंवा थंडीत घरून दुकान, दुकानातून घर, अशी दोन-तीन किलोमीटर गाडी चालवली की इंजिन पुरतं तापत नाही. हवेतला आणि जळणातून तयार होणारा ओलावा वर झाकणाला येऊन बसतो आणि ऑइलमध्ये मिसळून मलई होते. राजकमल चौक ते पंचवटी एवढंच रोज फिरणाऱ्या गाडीत हे दिसू शकतं. चिखलदऱ्याला थंडीत मुक्कामी ठेवलेल्या गाडीतही दिसू शकतं.

मग खरा आजार कसा ओळखायचा? कांडी काढा. कांडीवरचं ऑइल स्वच्छ आहे, कूलंटची पातळी जिथल्या तिथे आहे, तर झाकण पुसा, एकदा तीस-चाळीस किलोमीटरची सलग फेरी मारा आणि काही दिवसांनी परत पाहा. मलई आली नाही तर विषय संपला. पण कांडीवरही दुधाळ ऑइल आहे, कूलंट कमी होतंय, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर निघतोय किंवा गाडी तापतेय, तर गाडी चालवू नका. टो करून न्या. पाणी मिसळलेलं ऑइल बेअरिंगला वाचवत नाही.

आणि एक. ऑइलला पेट्रोलचा उग्र वास येत असेल किंवा त्यात बारीक चमकी दिसत असेल तर तेही मेस्त्रीचं काम. झाकण बदलून ते सुटणार नाही.

झाकण नाचवण्याची परीक्षा

जुन्या गाडीच्या बाजारात एक पद्धत तुम्ही पाहिली असेल. इंजिन सुरू ठेवून झाकण काढतात आणि तोंडावर उलटं ठेवतात. झाकण उडालं तर म्हणतात, "इंजिन गेलं, बॅक कॉम्प्रेशन मारते."

या परीक्षेत तथ्य आहे, पण तिला न्यायाधीश करू नका. रिंगा झिजल्या की गॅस जास्त येतो आणि झाकण नाचतं, हे खरं. पण श्वासाची नळी किंवा तो व्हॉल्व्ह चोंदला असेल तरीही दाब वाढतो, आणि तो साफ करण्याचा खर्च इंजिन बांधण्याच्या मानाने काहीच नाही. डिझेल गाडीत थोडी फुंकर असतेच. उलट बऱ्याच पेट्रोल गाड्यांत झाकण आत ओढलं जातं. काही इंजिनांत झाकण काढताच ऑइलचे शिंतोडे उडतात, म्हणून तोंड जवळ नेऊ नका. शंका आली तर कॉम्प्रेशन मोजून घ्या. मशीनने मोजलेला आकडा हातात असेल तर भाव करतानाही बोलता येतं.

बदलायचं कसं?

साध्या गाड्यांचं झाकण शंभर-दोनशे रुपयांपासून काही शे रुपयांपर्यंत मिळतं. काही गाड्यांत नुसतं रबर वेगळं मिळतं, काहींत पूर्ण झाकणच घ्यावं लागतं.

दुकानात जाताना नुसतं गाडीचं नाव सांगू नका. एकाच नावाच्या गाडीत पेट्रोल आणि डिझेलची झाकणं वेगळी असू शकतात, वर्षानुसारही बदलतात. आरसी बुकाचा फोटो न्या. चेसिस नंबरवरून दुकानदार पार्ट नंबर काढू शकतो. जमलं तर जुनं झाकणही सोबत न्या.

काउंटरवरच दोन्ही झाकणं शेजारी धरा. कान तेवढेच आहेत का, व्यास तोच आहे का, रबराची जाडी सारखी आहे का, जुन्याला श्वासाचं छिद्र असेल तर नव्याला आहे का. "बसते साहेब, चालते" एवढ्यावर पैसे देऊ नका. नकली झाकणाचं रबर ऑइलने फुगतं आणि दोन महिन्यांत तुम्ही परत त्याच काउंटरवर.

लावण्याआधी इंजिनच्या तोंडाची कडा पुसा. जुन्या रबराचे कण चिकटलेले असतील तर ते बाहेरच्या बाजूला ओढून काढा. नव्या रबराला बोटाने थोडंसं ताजं इंजिन ऑइल लावा, ग्रीस नको. हाताने बसवा. इंजिन पाच मिनिटं चालवा, कडेने ओल येते का पाहा. पन्नासेक किलोमीटर झाल्यावर परत एकदा पाहा.

नवं अस्सल झाकण लावूनही तिथूनच ऑइल येत असेल तर झाकणाला दोष देऊ नका. आतला दाब वाढलाय. श्वासाची नळी, व्हॉल्व्ह, मग रिंगा, या क्रमाने तपासायला सांगा.

तीन जुगाड मात्र अजिबात नको. झाकण हरवलं म्हणून कापडाचा बोळा कोंबू नका. तो आत जाऊ शकतो आणि गरम पाइपवर पडला तर पेटू शकतो. पॉलिथिन बांधू नका, ते वितळतं. आणि झाकणाच्या कडेने सीलंट फासू नका. त्याचे तुकडे आत पडून खालच्या ऑइलच्या जाळीत अडकतात, मग ऑइल वर चढत नाही. दोनशे रुपये वाचवायला गेलेला माणूस इंजिन बांधून येतो.

वाटेत झाकण उडालेलं लक्षात आलं तर?

बाजूला घ्या, लगेच बंद करा. लाल दिव्याची वाट पाहू नका. तो दिवा ऑइलचा दाब सांगतो, पातळी नाही. दाब पडून तो लागेपर्यंत ऑइल फार कमी झालेलं असू शकतं. इंजिन निवू द्या. झाकण बहुतेक वेळा बोनेटखालीच सापडतं, बॅटरीजवळ किंवा खालच्या प्लास्टिकच्या ताटावर. कांडी पाहा. बहुतेक लहान गाड्यांत कांडीवरच्या खालच्या आणि वरच्या खुणेत साधारण लिटरभराचा फरक असतो. थोडं थोडं ऑइल टाकून, थांबून, परत मोजा. गरम पाइपवर सांडलेलं ऑइल पुसल्याशिवाय सुरू करू नका. आणि तोंड उघडं असताना पाण्याचा फवारा मारू नका.

झाकण सापडलंच नाही तर गाडी तिथेच ठेवा आणि झाकण मागवा. गाडी ढकलत गावापर्यंत नेलेली परवडली, उघड्या तोंडाने चालवलेली नाही.

आता गॅरेजवाल्या भावांसाठी

त्या पोराकडे परत येऊ. मालक त्याला काढायला निघाला होता. मी म्हटलं, "भाऊ, याला काढाल, दुसरा आणाल. त्यालाही कोणीतरी मधेच आवाज देईल. मग?"

ही गोष्ट फक्त आपल्या गॅरेजची नाही. ५ मे १९८३ ला अमेरिकेत ईस्टर्न एअरलाइन्सचं विमान मायामीहून नासाऊला निघालं. १६२ प्रवासी, १० कर्मचारी, तीन इंजिनं. वाटेत आधी एका इंजिनचा ऑइलचा दाब पडला, मग बाकी दोघांचाही. रात्रीच्या देखभालीत तिन्ही इंजिनांच्या ऑइलच्या वाटेत एक छोटा भाग बदलला होता, आणि त्यावरच्या रबरी रिंगा लावायच्या राहिल्या होत्या. एरवी तो भाग रिंगा लावलेला तयार मिळायचा. त्या रात्री भांडारातून आणलेल्याला रिंगा नव्हत्या, आणि असतीलच असं धरून चाललं गेलं. समुद्रावर तिन्ही इंजिनं बंद पडली. वैमानिकांनी एक परत सुरू केलं आणि विमान मायामीला सुखरूप उतरवलं. सगळे वाचले. तिथले मेस्त्री काही अडाणी नव्हते, शिकलेले, परवाना असलेले होते. तरी झालं.

मग उपाय काय? तो एका जपानी माणसाने फार सोपा करून ठेवलाय. शिगेओ शिंगो हे कारखान्यांना काम सुधारायला शिकवायचे. १९६१ मध्ये यामादा इलेक्ट्रिकच्या कारखान्यात एक अडचण होती. एका बटणाखाली दोन छोट्या स्प्रिंगा बसवायच्या, आणि कामगार कधीकधी एक विसरायचे. मालक रागवायचे, लक्ष द्या म्हणायचे, चार दिवस बरं चालायचं, परत तेच. शिंगोंनी एक छोटी ताटली ठेवायला सांगितली. काम सुरू करायच्या आधी डब्यातून दोन स्प्रिंगा काढून ताटलीत ठेवायच्या. बटण बसल्यावर ताटलीत स्प्रिंग उरली तर चूक तिथेच दिसते. अशा पद्धतीला पुढे पोका-योके नाव पडलं, म्हणजे नकळत होणारी चूक रोखणं. आधीचं नाव बाका-योके होतं, म्हणजे मूर्खाला रोखणं. ते ऐकून एका कामगार बाईला वाईट वाटलं, म्हणून शिंगोंनी नाव बदललं. माणूस मूर्ख नसतो, तो विसरतो. एवढा फरक मालकाला कळला पाहिजे.

आम्ही त्या गॅरेजात काय केलं? घरातली एक स्टीलची मोठी वाटी आणली. नियम असा ठरवला:

१. गाडी कामाला लागली की चावी वाटीत.
२. काढलेलं ऑइलचं झाकण वाटीत. कांडी, खालचा नट, जे काढलं ते सगळं वाटीत.
३. चावी उचलायला वाटीकडे जावंच लागतं. वाटीत चावीशिवाय काही उरलं असेल तर काम राहिलंय.
४. कोणी आवाज दिला, फोन आला, तरी वाटी गाडीवरून हलवायची नाही. परत आल्यावर पहिली नजर वाटीवर.
५. शेवटी दुसऱ्या माणसाने झाकण हाताने हलवून पाहायचं आणि बिलावर लिहायचं: "ऑइलचं झाकण तपासलं, रबर ठीक" किंवा "रबर कडक, बदलावं".

पाचव्या नियमाला हसू नका. ती एक ओळ तुमचा धंदा वाढवते. ग्राहकाला ऑइलचा ग्रेड कळत नाही, पण कोणी आपल्या गाडीकडे नीट पाहिलं हे कळतं. आणि "बदलावं" लिहिताना जुनं रबर त्याच्या हातात द्या, नवं शेजारी ठेवा, नखाने दाबून दाखवा. विकायला बोलावं लागत नाही. पण रबर चांगलं असताना "बदलावं" लिहिलंत तर एकदा शंभर रुपये मिळतील आणि ग्राहक कायमचा जाईल. तुमच्याकडे जास्त येणाऱ्या तीन-चार गाड्यांची झाकणं स्टॉकमध्ये ठेवा. पडून खराब होईल असा हा माल नाही, आणि अडलेल्या माणसाला त्या क्षणी दिलात तर तो तुमचा होतो.

पुढच्या सर्व्हिसिंगला मी त्याच गॅरेजात गेलो. काही जण म्हणाले, सर, परत तिथंच? म्हटलं, हो. तोच पोरगा काम करत होता. गाडीच्या कडेला वाटी, वाटीत चावी आणि झाकण. मी मुद्दाम त्याला मधेच हाक मारली, "बाबू, जरा इकडे ये."

त्याने मान वर केली आणि म्हणाला, "आलो सर, वाटी खाली झाली की येतो."

आजचं काम

गाडीवाल्यांनी उद्या सकाळी गाडी सुरू करायच्या आधी झाकण काढून सहा पायऱ्या करा. रबराचा आणि आतल्या बाजूचा फोटो काढून तारखेसह मोबाईलमध्ये ठेवा. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पुन्हा पाहा. जुना फोटो शेजारी ठेवला की फरक लगेच दिसतो. आणि सर्व्हिसिंगहून गाडी घेताना पैसे देण्याआधी बोनेट उघडायला सांगा, झाकण स्वतः हाताने हलवून पाहा. मेस्त्रीला वाईट वाटेल म्हणून लाजू नका. मी लाजलो होतो, आणि मूर्तिजापूरच्या अलीकडे उन्हात उभा राहिलो.

गॅरेजवाल्यांनी आज घरी जाताना एक वाटी विकत घ्या. पण ती जेवणाच्या भांड्यांत परत जाऊ देऊ नका, नाहीतर घरी वेगळी सर्व्हिसिंग होईल!

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोवर गाडी नीट चालवा, धंदा नीट चालवा.